फोटो धुणे : काचेच्या निगेटिव्हपासून रॉ फाइलपर्यंत

मराठी माणूस फोटो काढतो आणि मग तो धुतो. भांडी, कपडे आणि फोटो या तिन्हींसाठी एकच क्रियापद वापरणाऱ्या आपल्या भाषेने छायाचित्रणाचे मर्म नकळत पकडून ठेवले आहे. सोलापूरच्या नवी पेठेत काय किंवा राज्यातील कोणत्याही गावच्या बाजारात काय, छत्तीस फोटोंचा रोल संपला की तो स्टुडिओत धुवायला टाकायचा, पावती खिशात ठेवायची आणि दोन-चार दिवसांनी पाकीट आणायला जायचे, हा क्रम एका संपूर्ण पिढीच्या अंगवळणी पडला होता. पाकिटात फोटो असत आणि सोबत तपकिरी पट्ट्या. पट्ट्यांकडे सहसा कोणी पाहत नसे.

आज त्याच बाजारात मोबाइल विकत घेणाऱ्या तरुणाच्या कॅमेऱ्यात 'रॉ' नावाची एक सोय असते. ती सुरू केली की फाइल दसपट मोठी होते आणि संगणकावर उघडल्यावर फोटो फिका, निस्तेज दिसतो. पहिल्याच दिवशी बहुतेक जण ती सोय बंद करतात. त्यांच्या हाती आलेली वस्तू म्हणजे न धुतलेला रोल आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

हा धागा त्या न धुतलेल्या रोलचा इतिहास सांगतो. तो तंत्राचा इतिहास आहेच. परंतु धुण्याचा अधिकार कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला, याचाही आहे.

सुरुवात १८४० च्या शरद ऋतूत होते. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रज संशोधकाच्या लक्षात आले की चांदीच्या क्षारांचा लेप दिलेल्या कागदावर थोडाच वेळ प्रकाश पडला, तर डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण चित्र मात्र तेथे उमटलेले असते. योग्य रसायनात कागद भिजवला की ते वर येते. अदृश्य, सुप्त अशी ही प्रतिमा. त्याच वर्षी जॉन हर्शेल यांनी 'निगेटिव्ह' आणि 'पॉझिटिव्ह' हे शब्द रूढ केले. कॅमेरा जे टिपतो ते चित्र नव्हे, चित्राची शक्यता आहे. चित्र नंतर घडवावे लागते, ही कल्पना येथे जन्मली.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी काचेवरील ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली आणि तीन वर्षांत मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. साल १८५४. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रे घेत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गातून शिकून बाहेर पडलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतील नामवंत व्यावसायिक छायाचित्रकार झाले.

त्या वर्गात शिकायचे काय, हे समजले की आजचा विद्यार्थी काय गमावून बसला होता ते कळते. काच स्वच्छ करायची, तिच्यावर कलोडियन ओतायचे, अंधारात चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि लेप वाळण्यापूर्वी पुन्हा अंधारात नेऊन धुवायची. एवढ्या साऱ्याला हाताशी जेमतेम दहा-पंधरा मिनिटे. दख्खनच्या उन्हाळ्यात त्याहूनही कमी. बाहेरगावी जायचे तर अंधारी राहुटी आणि रसायनांच्या बाटल्या बैलगाडीत. यात एक गोष्ट आपोआप घडत होती : ज्याने दृश्य पाहिले, त्यानेच ते धुतले. सावली किती गडद ठेवायची, चेहरा किती उजळवायचा, हे ठरवणारा माणूस तो चेहरा नुकताच पाहून आलेला असे.

म्हणून त्या काळातले सगळे फोटो 'खरे' होते असे मात्र कोणी समजू नये. सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील रहिवासी आणि पाहुण्या जातीजमातींविषयीचे दोन खंड १८६३ व १८६६ मध्ये लंडनहून प्रसिद्ध केले. त्यातील अनेक चित्रांत माणसे एका निगेटिव्हवरची आहेत आणि त्यांच्या मागचे देऊळ, रस्ता किंवा झाडी दुसऱ्याच निगेटिव्हवरची. दोन्ही जोडून एक चित्र केले गेले. लग्नाच्या अल्बममध्ये नवरा-नवरीच्या मागे स्वित्झर्लंडचा डोंगर चिकटवणाऱ्या आजच्या कलाकाराचे पूर्वज शोधायचे तर फार लांब जायला नको. ते मुंबईतच सापडतात, तेही दीडशे वर्षांपूर्वी.

त्या जुन्या काचांचा आणखी एक दोष होता आणि तो आपल्या घरच्या भिंतींवर आजही टांगलेला आहे. सुरुवातीच्या लेपांना फक्त निळा प्रकाश नीट दिसे. नंतरच्या लेपांना हिरवाही दिसू लागला. तांबडा मात्र बराच काळ दिसत नव्हता. म्हणूनच अंधाऱ्या खोलीत लाल दिवा चालत असे. याचा परिणाम असा की पणजीच्या फोटोत कुंकू काळे दिसते, आकाश पांढरेफटक दिसते आणि सावळी, तांबूस कातडी प्रत्यक्षाहून कितीतरी काळवंडलेली दिसते. माणूस आरशात एक चेहरा पाही आणि फोटोत दुसरा.

यावर उपाय होता शिसपेन्सिलीचा. निगेटिव्हवर सारे उलटे असते, म्हणजे जेथे काच गडद तेथे छापील फोटो उजळ. त्यामुळे वार्निश दिलेल्या काचेवर टोकदार पेन्सिलीने हलके ठिपके दिले की छापात तेवढा भाग उजळतो. देवीचे व्रण बुजतात, डोळ्यांखालची काळी वर्तुळे जातात. म्यूनिकच्या फ्रान्झ हानफ्श्टेंगल यांनी असे दुरुस्त केलेले निगेटिव्ह १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडले, आणि पुढे जगभरच्या स्टुडिओंत 'रिटचर' नावाचा स्वतंत्र कारागीर बसू लागला. आपल्याकडे हे काम बहुधा चित्रकलेचा हात असलेल्या माणसाकडे असे. खिडकीशी तिरकी चौकट, मागून येणारा प्रकाश, डोळ्याला भिंग.

आरंभी ही दुरुस्ती काचेच्या दोषाची होती. हळूहळू ती माणसाच्या रंगाची झाली. स्थळाकडे पाठवायचा मुलीचा फोटो 'जरा उजळ' करून देण्याची विनंती मराठी घरांना नवी नाही. पेन्सिलीचे ते ठिपके आणि आजच्या मोबाइलचे 'ब्यूटी' बटण यांच्यामध्ये फक्त काळाचे अंतर आहे.

स्वतः धुण्याची परंपरा महाराष्ट्रात सर्वांत जिद्दीने चालवली ती एका जोडप्याने. दादासाहेब फाळके यांचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात आणि बडोद्याच्या कलाभवनात झाले. गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ चालवून पाहिला, पुढे छपाईच्या व्यवसायात ते मुरले. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, तेव्हा सोबतची कच्ची फिल्म कडेला भोके न पाडलेली होती. ती भोके दादरच्या घरी, अंधारात, सरस्वतीबाई फाळके पाडत. फिल्म धुण्याचे, रसायने कालवण्याचे कामही त्यांच्याकडे होते. शिवाय साऱ्या कंपनीचा स्वयंपाक. ३ मे १९१३ रोजी कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. पडद्यावर एकही स्त्री नव्हती. तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली होती. पण तो पडदा उजळला, तो एका स्त्रीने अंधारात केलेल्या कामामुळे.

'कच्ची फिल्म' हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. इंग्रजीतील 'रॉ' चे याहून सरळ मराठी रूप सापडणे कठीण.

तोपर्यंत जगात मात्र वारे फिरले होते. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. ग्राहकाने फक्त बटण दाबावे, बाकीचे कंपनी पाहील, अशी त्याची जाहिरात होती. शंभर फोटोंचा रोल संपला की कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. फोटो छापून आणि नवा रोल भरून तो परत येई. पाहणारा आणि धुणारा यांची फारकत येथे झाली. ती सोयीची होती, स्वस्त होती, आणि तिच्यामुळेच छायाचित्रण घराघरांत पोचले. तक्रार करावी असे त्यात काही नव्हते. फक्त 'बाकीचे' या शब्दात किती निर्णय दडले आहेत, हे कोणी विचारले नाही.

कृष्णधवल फोटोंच्या काळापर्यंत गावोगावच्या स्टुडिओंनी हे निर्णय निदान आपल्या हाती ठेवले होते. हायपोचा वास, ट्रेमध्ये डोलणारा कागद, त्यावर सावकाश उगवणारा चेहरा. छपाईच्या वेळी प्रकाशाच्या झोतात हात धरून एखादा भाग उजळ राखायचा, पुठ्ठ्याच्या भोकातून दुसऱ्या भागावर जास्त प्रकाश पाडून तो गडद करायचा, हे कसब बोटांत असे. अमेरिकेत अॅन्सेल अॅडम्स यांनी याच कसबाचे शास्त्र केले. ते पियानो शिकलेले होते. निगेटिव्ह म्हणजे लिहिलेली स्वररचना आणि छापलेला फोटो म्हणजे तिचे वादन, अशी उपमा ते देत. आपल्याकडे बंदिश आणि गायकी म्हणता येईल. बंदिश तीच, गाणे दर मैफलीत वेगळे.

रंगीत फोटो आले आणि ही गायकी बंद पडली. रंगीत रसायनांना तापमान अर्ध्या अंशाच्या आत सांभाळावे लागते. गल्लीतल्या अंधाऱ्या खोलीला ते झेपणारे नव्हते. १९७० च्या दशकात जपानच्या नोरित्सू कंपनीने दुकानात मावणारे छपाईयंत्र आणले. तशा यंत्रांच्या रंगीत लॅब नंतर भारतातील शहरांतही उभ्या राहिल्या आणि तासाभरात फोटो मिळू लागले. उटीला तयार होणारी 'इंदू' ची कृष्णधवल फिल्म हळूहळू मागे पडली. रिटचरच्या खिडकीशी असलेली चौकट माळ्यावर गेली.

यंत्राला माणसाचा रंग ठाऊक नसतो; तो त्याला शिकवावा लागतो. त्यासाठी कोडॅक प्रयोगशाळांना नमुन्याचे एक निगेटिव्ह व छापील फोटो पाठवत असे. त्या फोटोत एक गोरी स्त्री असे. पहिल्या मॉडेलच्या नावावरून या कार्डांना 'शर्ली' हे नाव पडले. शर्लीची कांती बरोबर छापली गेली की यंत्र बरोबर लागले, असे समजायचे. मग त्याच यंत्रावर सावळे चेहरे कसे छापले जात असतील, हे वेगळे सांगायला नको. सावळ्या त्वचेच्या बारीक छटा नीट उमटत नाहीत, ही ओरड जुनी होती. पण कंपनीने फिल्मच्या गडद छटांकडे लक्ष दिले, त्यात चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्या जाहिरातदारांच्या तक्रारींचा मोठा वाटा होता, असे या विषयाच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. अनेक वर्णांच्या स्त्रिया असलेली कार्डे १९९० च्या दशकात आली.

त्याच कोडॅकच्या प्रयोगशाळेत फिल्मचा शेवटही घडत होता. १९७५ मध्ये स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन सुमारे साडेतीन किलो, चित्र १०० गुणिले १०० ठिपक्यांचे, आणि ते कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद. त्याच वर्षी त्याच कंपनीतील ब्राइस बेयर यांनी एका रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते १९७६ मध्ये मंजूर झाले. आज जगातील बहुतेक कॅमेऱ्यांत आणि फोनांत याच रचनेचा किंवा तिच्या एखाद्या रूपांतराचा सेन्सर असतो.

रॉ फाइल समजायची तर बेयर यांची ही युक्ती समजली पाहिजे. सेन्सर स्वतः रंगांधळा असतो. त्यावर लक्षावधी सूक्ष्म खाचा असतात आणि प्रत्येक खाच फक्त प्रकाश किती पडला तेवढे मोजते. बेयर यांनी प्रत्येक खाचेवर एकाच रंगाची काच बसवली : कोठे तांबडी, कोठे निळी, आणि निम्म्या खाचांवर हिरवी, कारण आपल्या डोळ्याला बारकावे हिरव्या भागात सर्वाधिक दिसतात. म्हणजे रॉ फाइलमध्ये कोणत्याही ठिकाणी पूर्ण रंग नसतोच. तांबड्या खाचेला आपल्या जागचा हिरवा ठाऊक नसतो. शेजारच्या खाचांवरून तो अंदाजाने भरावा लागतो. असा अंदाज न करता, काहीच प्रक्रिया न करता ती फाइल पडद्यावर टाकली, तर दिसते ते काळपट, हिरवट, चौकड्यांचे कापड.

खाचेची दुसरी गंमत मोजमापाची. पागोळीखाली ठेवलेल्या भांड्यासारखी ती असते. पाऊस दुप्पट पडला तर पाणी दुप्पट साठते. भांडे काठोकाठ भरले की पुढे कितीही पडो, आकडा तोच राहतो. १४ बिटांच्या फाइलमध्ये हा आकडा ० ते १६,३८३ असा असतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या मिळतात. रॉमधील सोळा हजारांपैकी वरच्या आठ हजार पायऱ्या एकट्या सर्वांत उजळ टप्प्याला जातात, त्याखालच्या निम्म्या उजेडाला चार हजार, मग दोन हजार, असे करत खोल सावल्यांच्या वाट्याला मूठभर उरतात. कमी प्रकाशात घेतलेला फोटो नंतर उजळला की दाणे का दिसतात, याचे बरेचसे उत्तर यात आहे : त्या भांड्यांत मुळात थेंबच थोडे पडलेले असतात.

कॅमेऱ्याने जेपेग दिला, याचा अर्थ त्याने हे सारे आत धुऊन दिले. प्रकाशाचा रंग कोणता धरायचा, सावली किती खोल, आकाश किती निळे, कातडी किती गुलाबी, हे दूरदेशीच्या अभियंत्यांनी आधीच ठरवलेले असते. उरलेले आकडे फेकून दिले जातात. शर्लीचे कार्ड यंत्राच्या पोटात गेले, एवढाच फरक.

१९९१ मध्ये निकॉन एफ३ च्या देहावर उभा केलेला कोडॅकचा डीसीएस कॅमेरा विक्रीला आला : १३ लाख ठिपके, खांद्याला अडकवायचा २०० मेगाबाइटचा संच, आणि किंमत मोठ्या वृत्तसंस्थांनाच परवडणारी. सामान्य छायाचित्रकारापर्यंत रॉ पोचायला १९९९ चा निकॉन डी१ आणि २००० चा कॅनन डी३० यांच्यानंतरची वर्षे उजाडावी लागली. आणि तेव्हा एक अडचण उभी राहिली. प्रत्येक कंपनीची रॉ फाइल वेगळी, तिची रचना गुप्त, आणि उघडायचे सॉफ्टवेअर कंपनीचेच.

डेव्ह कॉफिन नावाच्या एका अमेरिकी प्रोग्रामरने १९९७ मध्ये, कोणाचीही परवानगी न मागता, या फाइलींची कुलपे उघडणारा 'डीसीरॉ' हा लहानसा प्रोग्राम लिहायला घेतला. पुढची वीस वर्षे नवा कॅमेरा आला की तो त्याची फाइल उलगडून पाही आणि प्रोग्राममध्ये भर घाली. सारे फुकट वाटे. आज वापरात असलेल्या कितीतरी सॉफ्टवेअरांच्या मुळाशी ती मेहनत आहे. फोटोशॉपच्या जनकांपैकी एक, थॉमस नोल, यांचे 'कॅमेरा रॉ' २००३ मध्ये आले. २००४ मध्ये अडोबीने डीएनजी हे खुले स्वरूप जाहीर केले. या संक्षेपाचे पूर्ण रूप 'डिजिटल निगेटिव्ह' असे आहे. जुने नाव पुन्हा घराबाहेर पडले ते असे.

२००५ मध्ये निकॉनच्या डी२एक्स कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्ये प्रकाशाच्या रंगाची नोंद सांकेतिक लिपीत बंद केलेली आढळली. नोल यांनी जाहीर हरकत घेतली, कॉफिन यांनी ते कुलूपही उघडले. वाद तांत्रिक दिसतो. प्रश्न साधा होता. फोटो काढणाऱ्याने काढला, निगेटिव्ह त्याच्या कपाटात आहे, पण कपाटाची किल्ली कोणाकडे?

२००७ मध्ये लाइटरूमची पहिली आवृत्ती आली आणि संपादनाची पद्धतच बदलली. यात मूळ फाइलला हात लागत नाही. 'येथे उजेड वाढवा, तेथे सावली उचला' अशा सूचना फक्त नोंदवल्या जातात. फोटो बाहेर काढताना त्या अमलात येतात. सूचना पुसल्या की कच्ची फिल्म पुन्हा जशीच्या तशी. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही विनामूल्य साधनेही उपलब्ध झाली. २०१४ नंतर अँड्रॉइड फोन आणि २०१६ पासून आयफोन रॉ टिपू लागले. ज्या अधिकारासाठी एल्फिन्स्टनच्या वर्गातील विद्यार्थ्याला बैलगाडीभर सामान लागत होते, तो नवी पेठेत मोबाइलसोबत मिळू लागला.

आता सोलापूरचेच उदाहरण घ्यावे, कारण धुण्याची कला शिकायला त्याहून अवघड पाठ मिळणार नाही. नवी पेठेतून चालत जाण्याइतक्या अंतरावर सिद्धेश्वराचे तळे आणि मंदिर आहे. जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास, ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा भरते. सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा होते, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. नंदीध्वज पेलणारे आणि त्यांच्यासोबत चालणारे हजारो भक्त पांढरीशुभ्र बाराबंदी घालतात. वर सोलापूरचे ऊन. खाली उन्हाने रापलेले चेहरे.

कॅमेऱ्याचे मापक जग करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरून चालते. समोर बाराबंद्यांचा समुद्र आला की त्याला वाटते, उजेड फार झाला. तो फोटो गडद करतो आणि चेहरे काळे पडतात. मागे मंदिराची सावली आली की उलट होते : बाराबंदी जळून पांढरा कागद होते, तिच्या चुण्या, बंद, घामाने चिकटलेली पाठ, सगळे नाहीसे. जेपेगमध्ये तो पांढरा २५५ वर थांबलेला असतो आणि खाली ओढला तर नुसता करडा डाग मिळतो. रॉमध्ये पुष्कळदा अजून जागा असते, कारण तांबडी, हिरवी आणि निळी भांडी एकाच वेळी भरत नाहीत. एक ओसंडले तरी दुसऱ्यात नोंद उरते आणि तिच्या आधारे कापडाची वीण परत आणता येते. तिन्ही भरून वाहिली असतील, तर मात्र कोणतेही सॉफ्टवेअर उपयोगी नाही.

म्हणून शिकणारा आधी कॅमेऱ्यातच पांढरे सांभाळायला शिकतो आणि मग घरी चेहरे उचलतो. चेहरे उचलताना किती उचलायचे, हा प्रश्न येतो. 'शॅडो' चा स्लायडर शंभरापर्यंत जातो. तेथे नेला की दुपारच्या उन्हातले माणसे पेटवलेल्या ट्यूबलाइटखाली उभी असल्यासारखी दिसतात, आणि नव्या विद्यार्थ्याला पहिले काही महिने हेच फार आवडते. रापलेली कातडी गोरी होते, तिच्यावरचे ऊन जाते.

हळदीच्या कार्यक्रमाची गोष्ट याहून नाजूक. पिवळ्या मांडवात, पिवळ्या साड्यांत, हळद माखलेल्या नवरीकडे पाहून कॅमेऱ्याचा आपोआप चालणारा रंगतोल कित्येकदा गोंधळतो. एवढा पिवळा म्हणजे दिव्याचाच दोष, असे मानून तो निळा मिसळतो. हळद फिकी पडते आणि चेहरे राखी होतात. रॉ फाइलमध्ये रंगतोल ही केवळ एक सूचना असते, म्हणून ती नंतर बदलता येते. पण बदलून कशाशी जुळवायची? करडे कार्ड समोर धरून एक फोटो आधी घेतला असेल तर त्याच्याशी. नाहीतर त्या दिवशी मांडवात उभ्या असलेल्या माणसाच्या आठवणीशी. लग्नाचे शेकडो फोटो बाहेरगावच्या संपादकाकडे पाठवले जातात तेव्हा ही आठवण सोबत जात नाही. तो नवरीचा रंग आपल्या सवयीने ठरवतो, आणि ती सवय बहुधा उजळ करण्याची असते.

याच कारणाने रॉ फाइलला साक्षीदाराचेही काम पडू लागले. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेच्या अंतिम फेऱ्यांत मूळ फाइल मागितली जाते आणि सादर केलेल्या फोटोशी ताडून पाहिली जाते. उलट, रॉयटर्स या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०१५ मध्ये आपल्या बाहेरच्या छायाचित्रकारांना कळवले की रॉमधून घडवलेले फोटो पाठवू नका. कॅमेऱ्यात तयार झालेले जेपेगच पाठवा. एकाला रॉ हा पुरावा वाटतो, दुसऱ्याला फेरफाराची संधी. रॉयटर्सच्या बाजूने वेगाचा मुद्दा होता आणि तो रास्तच आहे. परंतु कॅमेऱ्यातला जेपेग म्हणजे न धुतलेले सत्य, हा समज काही टिकत नाही. तोही धुतलेलाच असतो, फक्त धोबी दिसत नाही.

सोलापूरहून जवळच नान्नजचे माळढोक अभयारण्य आहे, १९७९ मध्ये घोषित झालेले. वाळल्या गवताच्या रंगाचा हा भला मोठा पक्षी तेथे आज अत्यंत दुर्मीळ झाला आहे. वीस वर्षांपूर्वी कोणी तेथे रॉमध्ये त्याचा फोटो घेतला असेल, तर ती फाइल आजच्या साधनांनी पुन्हा धुता येते. तेव्हाच्या सॉफ्टवेअरला गवत आणि पिसे वेगळी काढता आली नसतील, आताच्याला येतील. जेपेग ठेवून रॉ पुसली असेल, तर जेवढे तेव्हा दिसले तेवढेच.

आणि पुसली जाते. जुन्या स्टुडिओंत निगेटिव्ह क्रमांक घालून पाकिटांत, डब्यांत ठेवलेले असत. फोटोच्या मागे तो क्रमांक लिहिलेला असे आणि वर्षांनी कोणी आजोबांची आणखी एक प्रत मागायला आले तर ती मिळे. आज एका लग्नाच्या रॉ फाइली शेकडो गिगाबाइट होतात. अल्बम पोचला, पैसे मिळाले की डिस्क रिकामी करून पुढच्या लग्नाला लावणे हा व्यवसायाचा सरळ हिशेब आहे.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. कायदा निगेटिव्ह कोणाच्या कपाटात राहावे हे सांगत नाही. अल्बम किती पानांचा, ड्रोन किती तास, हे लग्नाच्या बोलणीत ठरते. रॉ फाइली मिळणार का आणि किती दिवस ठेवणार, हे त्याच कागदावर एका ओळीत लिहून घेता येते; एखादी दोन टेराबाइटची डिस्क आपणच नेऊन दिली तर छायाचित्रकारही सहसा नाही म्हणत नाही.